सात मशीन बंद, एक चालू

"एकसष्ट म्हणजे काय रे, सुखदेव?" मानकरनं विचारलं.

तो माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होता. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ आणि तिच्या शेवटी एकसष्ट हा आकडा. मॉनिटरवर खंडेनवमीची झेंडूची माळ तशीच होती, फुलं कडेनं काळी पडलेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, गुरुवारची सकाळ होती. अकोल्यात, कापडाच्या दुकानावरच्या आमच्या ऑफिसात सात मशीनवर सात वेळा तीच ओळ उमटली होती.

मी म्हटलं, "एकसष्ट म्हणजे जावा सतरा. तिच्या पोटातला नंबर एकसष्ट आहे."

"आपल्याकडे अकरा आहे ना?"

"होती."

मानकर इंजिनियर. टीमचा मुख्य. मी आयटीआयचा, वायरमन ट्रेड. पाच वर्षं लोकांच्या भिंती फोडून पट्ट्या ठोकल्या आणि फोनवर व्हिडिओ बघत कोड शिकलो. मला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे मी कोणाला भीत नव्हतो. कंपनीतल्या आठही मशीनची चावी, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड, माझ्याकडे असायचा, कारण ते काम इंजिनियर लोकांना हलकं वाटायचं.

आम्ही शाळेच्या बसचं ॲप करत होतो. बेचाळीस बस, आणि पोराची बस कुठं आहे ते आईबापांना फोनवर दिसायचं. जुन्या ॲपमध्ये बस मागच्याच थांब्यावर अडकलेली दिसायची. आदल्या आठवड्यात दोन पोरं त्यापायी पाऊण तास रस्त्यावर उभी राहिली होती. दुरुस्ती तयार होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नवीन ॲप द्यायचं होतं. पण लिहिलेला कोड बांधून त्याचं ॲप करायला एक अवजार लागतं, ग्रेडल. आमचं ग्रेडल जुनं. ते ज्या प्रोग्रामवर चालतं ती जावा; तिची अकरावी आवृत्ती त्याला कळायची, सतरावी समोर आली की ते तिथंच बसायचं. मंगळवारी दुपारपर्यंत सगळं नीट बांधलं जात होतं. गुरुवारी सकाळी काहीच नाही.

मानकरनं ठरवलं, ग्रेडल नवीन करू. नवीन केलं तर त्याच्यासोबतचा प्लगिन जुना ठरला. प्लगिन बदलला तर नकाशाची लायब्ररी बिघडली. एक गाठ सोडवली की पुढं दोन बसायच्या. मी दोनदा सांगितलं की अवजाराला हात लावू नका, जावा कोणी बदलली ते आधी शोधा. दुपारी बारा वाजता त्याला ते पटलं, आणि पटलं ते भलत्याच अंगानं.

"कोणी बदलली," तो म्हणाला. "बरोबर बोललास. कोणी."

मग त्यानं सगळ्यांच्या सामाईक फोल्डरकडे बोट दाखवलं. तिथं त्या दिवशी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी बांधलेलं ॲप पडलेलं होतं. धडधाकट. आठव्या मशीनवरचं.

आठवं मशीन संबोधी शिरसाटचं. ती आठ महिन्यांपूर्वी लागली होती. टेस्टिंगसाठीचं ॲप रोज सकाळी सातला तिच्या मशीनवर आपोआप बांधलं जायचं; बाहेर द्यायचं पक्कं ॲप मात्र मानकरच्या मशीनवरच बांधता यायचं. ती स्वतः नागपूरला होती. दरवर्षी दसऱ्याला आई आणि भावासोबत दीक्षाभूमीवर जाते, हे तिनं लागतानाच आमच्या मालकांना, गावंडे सरांना, सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी परत यायची होती.

मंगळवारचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मशीन बंद करायची नाहीत असा नियम होता. बंद केली की सकाळी सगळं परत उघडण्यात अर्धा तास जायचा, म्हणून घरी जाताना नुसतं कुलूप लावायचं. अपडेट मीच अडवून ठेवले होते, लाइट गेली तर इन्व्हर्टर होता. वर्षातून एकदाच मशीन बंद व्हायची, खंडेनवमीला. ही आपली शस्त्रं, असं गावंडे सर म्हणायचे. पुसायची, हळदकुंकू लावायचं, माळ घालायची, नारळ फोडायचा आणि दसरा झाल्यावरच सुरू करायची.

त्या मंगळवारी संबोधी उठून सरांना म्हणाली होती की माझं चालू राहू द्या, सकाळचं काम लावलेलं आहे, नाही झालं तर टेस्टिंगवाले अडकतील. कुंकू मी लावत नाही, तुम्ही लावलं तर माझी काही हरकत नाही. सर म्हणाले, राहू दे. हसले पण. मानकर हसला नव्हता.

आता गुरुवारी तो सरांच्या केबिनमध्ये हेच सगळं परत सांगत होता, फक्त क्रम बदलून. सात मशीन बंद, सात बिघडली. एकच चालू ठेवलं, तिनं, हट्टानं. तेच नीट आहे. आणि ती गावाला.

"पूजेचं काही नाही सर, ज्याचा त्याचा प्रश्न," तो म्हणाला. "पण तिला माहीत होतं, की बंद केलं की बिघडणार."

गावंडे सरांनी माझ्याकडे बघितलं. "भारसाकळे, तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते सांगतो. मलाही तोच संशय होता. मी मानकरच्या मशीनवर सतरा नंबरच्या जावाचा फोल्डर बघून आलो होतो. तारीख चौदा जुलै. टाकणारा, ॲडमिन. जावा कुठून घ्यायची तो मशीनला सांगून ठेवलेला रस्ता अकरावरून सतराकडे वळवलेला. पण प्रोग्रामची उघडी असलेली खिडकी बंद होईपर्यंत जुनाच रस्ता धरून चालते. म्हणून तीन महिने कोणाला पत्ता नाही, आणि बंद करून उघडल्याबरोबर सगळे नव्या रस्त्याला लागले. ॲडमिन म्हणजे मी. पण पासवर्ड मी संबोधीला दोनदा सांगितला होता, मी रजेवर असताना. आणि आठ दिवसांपूर्वी तिनं मला विचारलं होतं की दादा, सगळ्या मशीनवर एकदम काही बदलायचं असलं तर ते कुठून करतात. मी घाईत होतो. नंतर सांगतो म्हटलं आणि विसरलो.

हे सगळं मी सरांना सांगितलं. एक एक करून, तारखेसकट. माझ्याच नावाची नोंद मी तिच्या अंगावर घातली आणि घालताना मला ते कळलंही नाही. उलट आपण किती चोख तपास करतो असं वाटत होतं.

"जुलैपासून?" सर म्हणाले. "तीन महिन्यांपासून तयारी?"

"तेव्हा तिला कायम करायचं लांबवलं होतं आपण," मानकर म्हणाला.

सरांनी फोन उचलला आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं. शिरसाट मॅडम यांना पुढील सूचनेपर्यंत कोणीही कोड किंवा पासवर्ड देऊ नये. त्या ग्रुपमध्ये ती पण होती. दोन मिनिटांत संदेशाखाली अकरा अंगठे आले. त्यातला एक माझा.

मग सर मला म्हणाले, "तिचं मशीन उघड. काय काय आहे बघ. उद्या ती आली की हातात पुरावा पाहिजे."

मी उघडलं. माझ्या पासवर्डानं कोणाचंही उघडतं. मानकर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. आधी कामाचे फोल्डर बघितले, तिथं काही नव्हतं. मग जिथं काम नव्हतं ते उघडले. आईच्या सोनोग्राफीचे कागद निघाले. भावाच्या वसतिगृहाचा अर्ज निघाला. पुण्याच्या तीन कंपन्यांना पाठवलेला बायोडाटा निघाला, आणि मानकरनं माझ्या खांद्यावर थाप मारली.

"जायचंच आहे तिला. जाता जाता काडी लावून जायची. काढ फोटो."

मी फोटो काढला. तो फोटो घेऊन तो सरांकडे गेला. मी एकटाच राहिलो, आणि तेव्हा मला माझ्या नावाची फाइल दिसली. भारसाकळे दादा.

मला वाटलं, हिनं माझ्याविरुद्ध काहीतरी लिहून ठेवलंय. उघडली.

मी तिला आठ महिन्यांत जे जे सांगितलं होतं ते तिनं नंबर घालून उतरवलेलं होतं. एकूण चौतीस. तारखेसकट, नीट वाक्यांत, माझ्या बोलण्यात असतं त्याच्यापेक्षा कितीतरी नीट. काही नंबरांखाली तिनं स्वतःचं लिहिलं होतं. सहाखाली, हे दादांचं बरोबर नाही, तपासलं, पण सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. अकराखालीही जवळजवळ तसंच. एकोणीसखाली, दादा चिडले, नंतर विचारायचं. मी खाली खाली वाचत गेलो. पुस्तकं शिकलेल्या लोकांच्या चुका काढत मी मोठा झालो, आणि ही पोरगी गुपचूप माझ्या चुका काढून, झाकून ठेवत होती.

सत्तावीस नंबर चौदा जुलैचा होता.

"दवाखान्याच्या कामासाठी दादांनी स्क्रिप्ट लिहून आठही मशीनवर जावा १७ टाकली, मुख्य रस्ता तिकडे वळवला. ते काम चार दिवसांत रद्द झालं. रस्ता परत वळवायचा राहिला आहे. मशीन बंद झाली तर बसचं ॲप बांधलं जाणार नाही. सांगायचं."

त्याच्याखाली तीन तारखा, प्रत्येकीपुढे दोन-तीन शब्द. ऑगस्टमधली, दादा घाईत. सप्टेंबरमधली, दादा चिडलेले. तिसरी आठ दिवसांपूर्वीची, नंतर सांगतो म्हणाले.

मला सगळं आठवलं. तो दवाखाना आठवला, त्यांचं ते अवजार आठवलं ज्याला सतराच लागायची, आणि एका स्क्रिप्टमध्ये आठ मशीन उरकली म्हणून मी स्वतःवर किती खूश होतो ते पण आठवलं.

फाइल बंद केली. मानकर परत आला.

"अजून काही सापडलं?"

मी म्हटलं, "नाही."

आणि उठून त्याच्या मशीनवर गेलो. रस्ता परत अकराकडे वळवला, सकाळपासून त्यानं ग्रेडलमध्ये केलेले बदल उलटवले, मशीन बंद करून चालू केलं. चार मिनिटांत ॲप बांधलं गेलं. हिरवी ओळ आली. संध्याकाळचे पाच वाजले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की हे बघा, डिग्रीवाल्यांना दिवसभर जमलं नाही ते आयटीआयवाल्यानं काढलं. मानकर म्हणाला, "सुखदेवनं तिचा डाव तिच्याच तोंडावर मारला." असं कौतुक व्हावं म्हणून मी सहा वर्षं थांबलो होतो. मी टाळ्या घेतल्या. पेढा दिला तोही खाल्ला.

शुक्रवारी ती दहाला आली. निळी ओढणी, डोळे प्रवासानं लाल. ग्रुपवरचं तिनं वाचलेलं होतं, ते तिच्या चालण्यातच दिसत होतं. तरी हातात संत्रा बर्फीचा डबा होता. तो तिनं मधल्या टेबलावर ठेवला आणि कोणाकडे न बघता म्हणाली, "काल सकाळीच घेतली होती. मेसेज दुपारी आला." डब्याला कोणी हात लावला नाही.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मानकर आधीच आत होता. मलाही बोलावलं, पुरावा माझ्याकडे होता ना. टेबलावर राजीनाम्याचा कागद तयार होता, त्यावर तिचं नाव आणि आजची तारीख. तिनं उभ्या उभ्याच वाचला.

सर म्हणाले, "मी पोलिसांत जात नाहीये. हे उपकार समजा. सही करा आणि वस्तू घेऊन जा."

"मी काय केलं ते यात लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"ते आम्हाला माहीत आहे."

"मला माहीत नाही, सर."

मानकर म्हणाला, "चौदा जुलै. आठवतं का काही?"

तिनं एकदम माझ्याकडे बघितलं. मी आजवर पुष्कळ लोकांच्या नजरा झेलल्या आहेत. ठेकेदारांच्या, इंजिनियरांच्या, बापाच्या. त्या नजरेत राग नव्हता. हा बोलतो का नाही, एवढंच ती बघत होती. तिला माहीत होतं. तिनं बोट दाखवलं असतं तर तिच्याजवळ तारखेसकट पुरावा होता. तिनं दाखवलं नाही.

"जावा मी टाकली," मी म्हटलं. "जुलैमध्ये. दवाखान्याच्या कामासाठी. परत करायची विसरलो. हिचा काही संबंध नाही."

मला वाटलं आता सर माझ्यावर ओरडतील. मी तयार होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सर हसले. "अरे बाप्पा. मग काल का नाही बोलला?"

"काल..."

"जाऊ दे. होतं असं. एवढ्या मशीन सांभाळायच्या म्हणजे चूक होणारच. ॲप वेळेवर जातंय ना? मिटलं." त्यांनी तो कागद दुमडून ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही. "शिरसाट मॅडम, गैरसमज झाला. कामाला लागा."

तेवढंच. तेच काम, त्याच तारखेला, त्याच पासवर्डानं. मघापर्यंत ते तिचं होतं तर त्याला घातपात म्हणत होते आणि पोलिसांचं नाव निघत होतं. आता माझं निघालं तर "होतं असं." माझ्याकडून कोणी सही मागितली नाही.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "ग्रुपवर लिहिलं होतं सर, ते ग्रुपवरच दुरुस्त करा."

"आता ते उकरत नका बसू. लोक विसरतात."

"अकरा जणांनी अंगठे दिलेत."

मानकर म्हणाला की एवढं मनावर घ्यायचं नसतं. ती त्याच्याकडे वळलीही नाही. सरांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, जा, बाराच्या आत ॲप पाठव.

मी दारातच उभं राहून फोन काढला आणि लिहिलं. मशीन माझ्यामुळे बिघडली होती. जुलैमध्ये मी जावा बदलली आणि परत करायची विसरलो. संबोधी शिरसाट यांनी काही केलेलं नाही. सुखदेव भारसाकळे. पाठवून दिलं. सरांचा फोन टेबलावर थरथरला, मानकरचा खिशात. ह्या संदेशाला अंगठा एकच आला, टेस्टिंगवाल्या बाईंचा. सरांनी मला आठ दिवस हाक मारली नाही आणि ॲडमिनचं काम पुढच्या महिन्यात मानकरच्या भाच्याला दिलं. पण ते नंतर.

त्या दिवशी मी आपल्या मनात सुटलो होतो. बाराला पाच कमी असताना ॲप पाठवलं आणि तिच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर काहीतरी ऐकायला गेलो होतो. थँक्यू दादा, असं काहीतरी.

ती मशीनसमोर बसली होती. हात मांडीवर.

"दादा, बसा," ती म्हणाली.

मी स्टूल ओढून बसलो.

"जुलैचं तुम्हाला कसं आठवलं? तीनदा तुमच्याकडे आले तेव्हा आठवलं नव्हतं."

मी म्हटलं, असंच, विचार करता करता.

ती वाट बघत राहिली. ठेकेदाराशी भांडणारा, सरांना तोंडावर बोलणारा मी, तिथं स्टुलाची कड खरवडत बसलो. माझ्या लक्षात आलं की केबिनमध्ये जे बोललो ते सोपं होतं. विसरलो हे कोणीही सांगू शकतो.

"तुझी फाइल वाचली," मी म्हटलं. "माझ्या नावाची."

"पूर्ण?"

"चौतीसपर्यंत."

"आणि?"

मग मी सांगितलं. आईचे कागद. भावाचा अर्ज. पुण्याचा बायोडाटा. तो मानकरनंही बघितला, मी त्याचा फोटो काढून दिला. फाइल वाचून कळल्यावरही मी काल संध्याकाळभर गप्प बसलो, टाळ्या घेतल्या. हे सगळं मी मान खाली घालून, एका आवाजात सांगितलं.

तिनं मधे एकच प्रश्न विचारला. "आईच्या कागदांत काय लिहिलंय ते वाचलं?"

"वाचलं."

"ते अजून मी तिला पण सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलांवर लोक खूप मन लावून काम करत होते. मग तिनं की-बोर्ड जवळ ओढला, पासवर्ड बदलायची खिडकी उघडली आणि थांबली.

"तिकडं बघा," ती म्हणाली.

माझ्या पासवर्डानं कोणाचंही मशीन उघडतं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ती जे काही टाकणार होती त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी मी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. पाठीमागे एक एक अक्षर वाजत होतं. मधे ती थांबायची, आणि मग परत सुरू व्हायची. भर ऑफिसात, भर दुपारी, सगळ्यांसमोर मी तसाच बसून राहिलो. झालं, आता वळा, असं ती म्हणेल म्हणून थांबलो होतो.

ती म्हणाली नाही. टाइप करायचा आवाज केव्हाच थांबला होता.